सतरावा मार

आमच्या ओलेटाआत्याचा हात जड, अशी नदीकाठच्या सगळ्या वस्त्यांमध्ये ख्याती आहे. ती तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात होती आणि पोरांनी फार कालवा केला, की लाकडी डाव टेबलावर असा हाणायची की साठ पोरं एकदम गप. मारलं तिने कधीच कुणाला नाही. पण त्या आवाजाने सुतासारखी सरळ झालेली पोरं आता टकली झालीत, आणि दुकानात आत्या दिसली की अजून टोपी काढतात.

तिचा कानही तसाच. सालमनच्या दिवसांत पुरुष मंडळी धबधब्याच्या खडकांवर जाळी घेऊन उभी राहतात, आणि पहिले मासे म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घरी पोचवायचे हा आमच्याकडचा नेम. आत्याच्या दारात मासा आला की ती आधी त्याचं डोकं बोटाने चाचपते. "हा लेनीच्या थोरल्याचा टोला. दोनदा मारलंय बघ. सांग त्याला, एकातच संपवायचं. माशाला ताटकळत ठेवू नये." आणि मासा खरंच लेनीच्या थोरल्यानेच आणलेला असायचा. शेजारी कुणी लाकडं फोडत असला तर ती घरात बसून सांगायची की कुऱ्हाड बोथट आहे की माणूस दमलाय.

असली ही बाई. पण आमच्या करूक जमातीच्या भाषेतला एक शब्द तिच्या तोंडून निघेल तर शपथ.

माझं दुखणं तेच होतं. आमची भाषा बोलत वाढलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, आणि त्यातली एक माझी सख्खी आत्या. मी दर मंगळवारी भाषेचा वर्ग घेते. मी स्वतः पुस्तकातून आणि टेपांमधून शिकलेली, म्हणजे लंगडीच. वर्गातल्या पोरांना अस्वल येतं, नदी येते, लाल-काळा येतो, "माझं नाव अमुक" येतं. बस. अस्वल आहे, पण ते बिचारं करत काहीच नाही, नुसतं उभं आहे. आत्याला मी किती वेळा म्हटलं, एकदा येऊन बस. ती म्हणायची, "मला स्वयंपाक येतो. तो शिकायचा असेल तर ये." की विषय संपला.

त्या वर्षी विद्यापीठाच्या कपाटातून एक जुनी टेप आम्हाला उतरवून मिळाली. साठ-एक वर्षांपूर्वी कुणी एक विद्यार्थी यंत्र घेऊन नदीकाठी आला होता आणि त्याने माझ्या आजीला शब्द विचारले होते. मी उड्या मारत ऐकायला बसले. आधी त्या पोराचा आवाज, तारीख, गाव, बोलणारीचं नाव. मग 'धप्प' आणि आजीचा एक शब्द. 'टक' आणि दुसरा शब्द. 'फाट' आणि तिसरा. असे सोळा दणके आणि सोळा शब्द, मग कुण्या पोराची किंकाळी, मग बरीच खरखर, यंत्र बिघडल्यासारखी, आणि त्या खरखरीतून आजीच्या खालच्या आवाजातला सतरावा शब्द. सोबतचा कागद उघडला तर त्या शहाण्याने सतरा ओळींत सतरा वेळा एकच लिहून ठेवलेलं. मारणे. मारणे. मारणे. कशाने, कशावर, कसं, काही नाही. मी त्याला इतक्या शिव्या घातल्या की तो जिथे असेल तिथे त्याला ठसका लागला असेल.

आमच्याकडे नुसतं मारणं नसतं. काठीने हाणलं तर वेगळं, दगडाने ठेचलं तर वेगळं, फेकून लागलं तर वेगळं. मला एवढं ठाऊक होतं, पण कुठला दणका कशाचा हे सांगणार कोण? आजी जाऊन पंचवीस वर्षं झाली. उरली आत्या. म्हणून सप्टेंबरातल्या एका दुपारी मी फोनवर ती टेप घेऊन तिच्या स्वयंपाकघरात गेले. ती सालमनच्या बरण्या उकळत होती. मी म्हटलं, "आत्या, फक्त ऐक," आणि लावली.

आणि त्या पोराने स्पष्ट, खणखणीत आवाजात माझ्या आजीचं नाव घेतलं.

गेलेल्या माणसाचं नाव आम्ही घेत नाही. घराण्यातल्या नव्या जिवाला ते दिलं जाईपर्यंत ते बांधून ठेवलेलं असतं, आणि सोडायचा हक्क थोरल्या लेकीचा, म्हणजे आमच्यात आत्याचा. तिने पंचवीस वर्षांत ते कुणालाच दिलं नव्हतं. हे मला काय ठाऊक नव्हतं? पण ती टेप मी शंभरदा ऐकलेली, कान बोथट झाले होते. आत्याचा चेहरा पाहून माझी पाचावर धारण बसली आणि मी बावळट, सारवासारव करायला गेले. म्हटलं, "अगं, तो नुसतं सांगतोय की बोलणारी..." आणि पुढे ते नाव मी स्वतः माझ्या तोंडाने घेतलं. तिच्या चुलीपाशी.

आत्याने गॅस बंद केला. बरण्यांवर फडकं टाकलं. मग दाराकडे बोट केलं. "जा."

बाबांना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. ते आत्याचे धाकटे भाऊ, एरवी सगळ्याची थट्टा करणारे. "एकदा यंत्राने घेतलं आणि एकदा तू घेतलंस? यंत्राला माफी आहे, त्याला आई-बाप नाहीत. तुला आहेत." मग चार दिवसांनी ते निरोप घेऊन आले. "ताई म्हणाली, भरपाई कर. यंदाच्या हिवाळ्यात तिच्या घरची सगळी ओकच्या झाडाची बोंडं तू वेचायची, तू फोडायची, तू कुटायची. तिच्याच अंगणात, तिच्या डोळ्यांसमोर."

"सगळी म्हणजे?"

"सात पोती. बरं सुटलीस. जुन्या काळी असतीस तर मला घरातल्या शिंपल्यांच्या माळा दंड म्हणून मोजून द्याव्या लागल्या असत्या, आणि आहे कोण माळवाला आपल्यात."

ओकची बोंडं ज्याने कुटली नाहीत त्याला सात पोती म्हणजे काय ते कळायचं नाही. ऑक्टोबरभर मी डोंगरउतारावर वाकून वेचत होते. नोव्हेंबरात ती आत्याच्या शेगडीजवळ वाळली आणि मी अंगणात छपराखाली फोडायला बसले. फोडायची दगडावर दगडाने, सोलायची, मग सपाट दगडावर बिनबुडाची टोपली ठेवून, तिच्या काठावर दोन्ही मांड्या टाकून ती घट्ट दाबायची आणि आत दगडी बत्त्याने कुटायचं. पीठ झालं की ते वाळूवर पसरून, पाणी ओतून ओतून त्याचा कडवटपणा घालवायचा, तेव्हा कुठे पेज. आत्या समोर खुर्ची टाकून बसायची, टोपली विणत. माझ्याशी एक शब्द नाही. 'ये' नाही, 'जा' नाही. मी दिवसभर ठोकत असायची आणि मनातल्या मनात तिला बोलत असायची. किती तो ताठा. आणि माझंच चुकलेलं, म्हणून राग कुणावर काढणार? बोंडांवर.

त्याच रागात एक दिवस मी बोंड असं ठेचलं की कवच आणि गर एकत्र चिखल झाला. आत्याच्या तोंडून दोन शब्द निघाले. हलकेच, दाताखालून, आणि आपल्या भाषेत. साध्या बोलीत सांगायचं तर 'ठेचू नकोस, फोड' असं काहीतरी.

त्यातला पहिला शब्द टेपवरचा चौथा होता आणि दुसरा नववा. मी मान वर केली नाही. मला ठाऊक होतं, आता 'आत्या, काय म्हणालीस?' असं विचारलं की कवच परत मिटणार. मी गपचूप पुढचं बोंड नीट फोडलं. घरी जाताना गाडी वळणावर थांबवली आणि कागदावर चौथ्या ओळीपुढे लिहिलं, 'ठेचणे, दगडाने', आणि नवव्यापुढे 'फोडणे'.

मग मी काय केलं असेल? दुसऱ्या दिवसापासून मी मुद्दाम चुकायला लागले. बत्ता सरळ न घालता तिरका घातला, शब्द मिळाला. चाळताना सुपलीला काडीने हळूच टिचकायचं असतं, तर मी तळहाताने थापटलं, अजून दोन मिळाले. पोत्यावर काठी हाणली. छपराच्या खांबावर दगड फेकला. आठवड्याभरात माझ्याकडे सात शब्द जमले आणि बोंडांचं वाटोळं झालं.

आठव्या दिवशी मी उगाचच जमिनीवर मूठ आपटली. आत्याने विणकाम मांडीवर ठेवलं.

"मार्ला."

दोन महिन्यांत पहिल्यांदा तिने माझं नाव घेतलं.

"मी म्हातारी झालेय. मूर्ख नाही झाले. जमिनीला बुक्क्या कोण मारतं? हे तू त्या टेपसाठी करतेयस."

खोटं बोलायची सोय नव्हती.

"आणि दुसरं सांग," ती म्हणाली. "कितवा महिना?"

नवऱ्याचा जाडजूड कोट घालून बसत होते मी, तो सोडून कुणाला पत्ता नव्हता. बाबांनासुद्धा सांगितलं नव्हतं. मागच्या वेळी तिसऱ्याच महिन्यात गावभर सांगून बसले होते आणि मग गावभर परत सांगत फिरावं लागलं होतं की नाही राहिलं. यंदा तोंड शिवून घेतलेलं.

"चौथा सरला," मी म्हटलं. "तुला कसं कळलं?"

"आवाजावरून. पहिल्या आठवड्यात तुझा घाव कमरेतून यायचा. आता नुसत्या खांद्यातून येतो. पोट सांभाळून कुटतेयस तू." तिने टोपली बाजूला ठेवली आणि उठली. "ऊठ तिथून. खुर्चीत बस. कुटते मी."

"आणि भरपाई?"

"ती माझी मी बघते. ऊठ म्हटलं ना."

सत्तर वर्षांची बाई मांड्या पसरून टोपलीवर बसली आणि बत्ता उचलला. पहिला घाव पडला आणि तिने त्याचा शब्द मोठ्याने सांगितला. मी कागद काढला. तिने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

"त्या टेपवर ठोकाठोक ऐकू येते, ती कुणाची म्हणतेस?" मध्येच तिने विचारलं.

"असेल कुणीतरी."

"कुणीतरी म्हणे. मी होते ती. सात वर्षांची." आणि ती हसली. आत्याला मी गालात हसताना पाहिलं होतं, अशी दात दाखवून कधीच नाही. "तो पोरगा आईला म्हणाला, मारणे कसं म्हणता? आई म्हणाली, कशाने? तो म्हणाला, नुसतं मारणे. आई म्हणाली, अरे बाबा, नुसतं कसं मारतील, हात, काठी, दगड, काहीतरी लागेलच की. त्याच्या डोक्यात शिरेना. मग तिने मला हाक मारली. म्हणाली, हा काय सांगतो बघ, याला दाखव. मी घरभर हाणत सुटले गं. टेबल, भिंत, पाण्याची बादली, त्याची टोपी. मी हाणायची आणि आई नाव सांगायची. कुणी ओरडत नव्हतं. इतकी मजा मला पुन्हा जन्मात आली नाही."

"मग तू बोलायचं का सोडलंस?"

बत्ता तिच्या हातात थांबला.

"पुढल्या वर्षी लांबच्या शाळेत नेलं. आपल्या भाषेत बोललं की बोटांच्या पेरांवर पट्टी, आडवी नाही, धारेची. आईकडून सगळे मार शिकले होते, पण त्यातला एकही मला बसला नव्हता. हा बसला. मग ठरवलं, तोंड उघडायचंच नाही. मोठी झाल्यावर कोण अडवत होतं? पण हात आपोआप मुठीत जायचे. तुझ्या वर्गाला ये म्हणायचीस तेव्हाही जायचे."

मला त्या न पाहिलेल्या पट्टीचा इतका संताप आला की मी खुर्चीतून उठून पोत्याला लाथ घातली. आत्याने तिचाही शब्द सांगितला. बारावा होता.

ख्रिसमसपर्यंत कागदावरच्या सोळा ओळी भरल्या. सतराव्यापुढे तेवढं 'मारणे' उरलं. मी तिला किंकाळीबद्दल आणि त्या खरखरीबद्दल सांगितलं. टेप मात्र तिच्यासमोर पुन्हा लावायची माझी हिंमत नव्हती. ती म्हणाली, "किंकाळी माझीच. सोळाव्या वेळी दगड अंगठ्यावर घेतला."

"आणि सतरावा?"

"तो दगडावर दाखवता येत नाही."

"मग कशावर?"

"थांब जरा. ते यायचंय अजून." आणि परत टोपली विणायला लागली. ती बाळाची टोपली आहे हे तोवर माझ्यासुद्धा लक्षात आलं होतं, पण दोघींपैकी कुणीच तसं म्हटलं नाही. मी घाबरत होते, आणि मला वाटतं, तीही.

जानेवारीत ती मंगळवारच्या वर्गात आली. सोबत लाकडी डाव. पोरांना म्हणाली, बोलू नका, हाणा. अर्ध्या तासात खोलीतलं एक टेबल धड राहिलं नाही आणि पहिल्यांदा त्यांचं अस्वल काहीतरी करायला लागलं. ते काठीने मार खात होतं, पंजाने थप्पड देत होतं, झाडावर डोकं आपटत होतं. आत्याचे हात मी मुद्दाम बघत होते. उघडे होते.

एप्रिलच्या शेवटी मला मुलगी झाली. वजनाने कमी, आवाजाने भरपूर. घरी आणल्यावर पहिले चार दिवस ती रडतच होती. मी फिरवून पाहिलं, झुलवून पाहिलं, बाबांनी तोंडं वाकडी करून पाहिली. पाचव्या दिवशी दुपारी आत्या टोपली घेऊन आली. मी तशीच विस्कटलेली, रडकुंडीला आलेली.

"आण इकडे," ती म्हणाली.

बाळाला मांडीवर उपडं घेऊन तिने तो जड हात त्याच्या पाठीवर ठेवला आणि थोपटायला लागली. अगदी हळू. थप, थप, थप. पोरगी हुंदक्यांवर आली, मग नुसत्या श्वासावर. आत्याने खालच्या आवाजात एक शब्द म्हटला.

तो मी शंभरदा ऐकला होता. खरखरीतला सतरावा.

"अंगठा ठेचला म्हणून मी रडत होते," आत्या म्हणाली. "आईने मांडीवर घेतलं. तिला वाटलं यंत्र बंद आहे. किंवा मला शिकवायचं म्हणूनच तिने तो शब्द म्हटला असेल. तो पोरगा बिचारा लिहीतच राहिला. त्यालाही त्याने मारणे लिहिलं?"

"हो," मी म्हटलं.

आत्या थोपटत राहिली. मग बाबांकडे पाहून म्हणाली, "डेल, टोपी काढ." बाबांनी काढली आणि जवळच्या खुर्चीत बसले. त्यांना कळलं होतं. तिने वाकून बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि पंचवीस वर्षं बांधून ठेवलेलं नाव सोडलं. म्हणून ते आता मला लिहिता येतं. माझ्या मुलीचं नाव लुएला.

"आता लाव ती टेप," आत्या म्हणाली.

मी लावली. त्या पोराने तारीख सांगितली, गाव सांगितलं, "बोलणारी, लुएला" म्हणाला. कुणी दचकलं नाही. आत्या एकेका दणक्याला हसत होती, "बादली," "भिंत," "टोपी, टोपी." मग किंकाळी. मग ती खरखर. आता नीट ऐकलं तर ती खरखर नव्हतीच. थप, थप, थप. सात वर्षांच्या आत्याच्या फ्रॉकवरून फिरणारा हात. आणि आजीचा तो शब्द. माझ्या समोर आत्याचा हात त्याच संथ ठेक्यावर पडत होता, तिच्या नकळत, साठ वर्षांनी.

मी कागद घेतला, सतराव्या ओळीतलं 'मारणे' खोडलं आणि पुढे 'थोपटणे' लिहिलं. मग मला आवरेना, मी भोकाड पसरलं.

"रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड," आत्या मान वर न करता म्हणाली. "लुएला आत्ताच झोपलीये."